गच्चीवरची न दिसणारी तार

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाहुणा म्हणून गेलात, तर पाण्याच्या टाक्या दिसतील, सोलर हीटर दिसतील, केबलवाल्यांनी तशाच सोडून दिलेल्या वायरींची भेंडोळी दिसतील आणि मे महिना असेल तर वाळत घातलेले पापड. लिफ्टच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, पन्हळीच्या पाइपाला लागून, राखाडी रंगाचा एक बंद डबा आहे. तो सोसायटीच्या दिव्यांचा जंक्शन बॉक्स आहे असं समजून तुम्ही पुढे जाल. डब्यातून निघालेली तार तर उन्हात नीट डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय दिसणारच नाही. या डब्याच्या आणि तारेच्या जोरावर मी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या टेबलावरून कधी कोचीनशी बोलतो, कधी जपानशी, आणि आयनोस्फिअरची, म्हणजे रेडिओ तरंग परत खाली वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची, मर्जी असेल त्या संध्याकाळी थेट युरोपशी.

मी परवानाधारक हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमचं मुख्य दुखणं रेडिओ नसतोच. रेडिओ पैसे टाकले की मिळतो आणि पुस्तकांच्या कपाटात मावतो. दुखणं असतं अँटेनाचं. ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा, हा आपल्याकडच्या हॅम मंडळींचा सगळ्यात लाडका बँड, सकाळच्या गप्पा बहुतेक त्याच्यावरच चालतात. त्याचा साधा डायपोल लावायचा तर २० मीटर तार ताणावी लागते, मधोमध केबल लोंबते, दोन्हीकडे खांब लागतात. बंगल्यात, शेतावर हे जमतं. सोसायटीत पहिल्याच आठवड्यात चेअरमन विचारतात, ‘अहो, हे काय टांगलंय?’ आणि त्यांचं विचारणं रास्तच असतं, कारण गच्ची सगळ्यांची आहे.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त चिघळलेला आहे. तिथे १९८५ साली एफसीसीने, म्हणजे रेडिओचं नियमन करणाऱ्या सरकारी आयोगाने, पीआरबी-१ नावाचा निर्णय दिला. स्थानिक प्रशासनाने हौशी रेडिओच्या अँटेनांना वाजवी जागा दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. पण घर घेताना खरेदीच्या करारातच वसाहतीच्या ज्या अटी मान्य कराव्या लागतात, त्यांना हा निर्णय लागू होत नाही. त्यामुळे तिकडच्या हॅमनी ध्वजस्तंभाच्या पोकळ नळीत अँटेना बसवल्या, छपराच्या पन्हळींना अँटेना केलं, झाडाच्या फांद्यांमधून केसासारख्या तारा नेल्या. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट पुन्हा पुन्हा कामाला आली: अँटेनाच्या पायथ्याशी बसणारा, टेबलावरून हाताळता येणारा, रेडिओची आणि अँटेनाची जुळणी करणारा रिमोट ट्यूनर. आमच्या गच्चीवरचा राखाडी डबा तो हाच.

पायथ्याशी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण सगळी गंमत तिथे आहे.

रेडिओला ५० ओहमचा भार, म्हणजे विजेला होणारा तेवढाच अडथळा, लागतो. अमुक एका लांबीची तार प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळाच भार दाखवते. एका बँडवर शे-दोनशे ओहम, तर जिथे तारेची लांबी अर्ध्या तरंगाएवढी भरते तिथे हजारो ओहम, आणि त्यात कॉइलसारखा किंवा कपॅसिटरसारखा गुण मिसळलेला. भार जुळला नाही की ऊर्जेचा काही भाग तारेच्या तोंडावरून परत फिरतो, केबलमधून खाली येतो, रेडिओकडून पुन्हा वर जातो. बंद दारावरून परत फिरलेली माणसं अरुंद जिन्यात वर-खाली करत राहावीत आणि प्रत्येक खेपेला थोडी दमावीत, तसं हे चालतं. केबलमध्ये ही दमणूक उष्णता होऊन जाते. जुळणी किती बिघडली आहे त्याचं माप म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, आमच्या भाषेत एसडब्ल्यूआर: जुळणी पक्की असेल तर १, बिघडेल तसा जास्त.

बहुतेकांच्या टेबलावर ट्यूनर असतो, आजकाल रेडिओच्या पोटातही असतो. त्याचं बटण दाबलं की मीटरचा काटा खाली येतो आणि मनाला बरं वाटतं. पण टेबलावरचा ट्यूनर फक्त रेडिओची समजूत घालतो. त्याच्या पुढे केबलमध्ये जे चाललंय ते तसंच चालू राहतं. हिशेब मांडून पाहा. आरजी-५८ ही नेहमीची बारीक केबल २० मीटर, १४ मेगाहर्ट्झचा बँड, रेडिओची शक्ती ५० वॉट. अँटेना नीट जुळलेली असेल तर केबल साधारण ११ वॉट खाते आणि ३९ वर पोचतात. तीच अँटेना १० एसडब्ल्यूआर दाखवत असेल तर वर पोचतात जेमतेम २१ वॉट. निम्म्याहून जास्त शक्ती भिंतीतल्या डक्टमध्ये केबल कोमट करण्यात गेली. त्यातही एक कावा असा, की वर १० असलेला एसडब्ल्यूआर खाली रेडिओपाशी साडेचारच दिसतो, कारण परत येणारी ऊर्जा वाटेतच जिरलेली असते. केबल जितकी वाईट, तितका मीटर गोड बोलतो. नवीन परवाना घेतलेल्या मुलांना मी ही आकडेमोड कागदावर स्वतः करायला लावतो. एकदा केली की टेबलावरच्या काट्यावर आंधळा विश्वास बसत नाही.

म्हणून जुळणी करायची तर तार आणि केबल जिथे भेटतात तिथेच करायची. तसं केलं की केबलला सगळीकडे ५० ओहमच दिसतात आणि बारीक केबलसुद्धा निभावून नेते. ही युक्ती एकट्या हॅमची नाही, ती समुद्रावरही चालते. शिडाच्या बोटींवर डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी दोरी असते, बॅकस्टे. तिला दोन्हीकडे इन्सुलेटर घालून तिचीच अँटेना करतात आणि डेकखाली, दोरीच्या बुडाशी, ट्यूनर बसवतात. बोटीवर वेगळा खांब उभारायला जागा नसते, जे आहे त्यालाच बोलतं करावं लागतं. फ्लॅटवाल्याची अडचण तीच.

डब्याच्या आत काय असतं ते एकदा तरी झाकण उघडून पाहण्यासारखं आहे. तांब्याच्या कॉइलची रांग, प्रत्येक पुढची मागचीच्या दुप्पट. कपॅसिटरची रांग, तीही तशीच दुपटीने चढणारी. प्रत्येकाशेजारी एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. आठ कॉइल आणि आठ कपॅसिटर असले तरी त्यांच्या ६५,५३६ जोड्या होतात. कपॅसिटर रेडिओच्या बाजूला घ्यायचे की तारेच्या, हे धरलं तर त्याच्या दुप्पट. एक छोटा प्रोसेसर येणाऱ्या आणि परतणाऱ्या ऊर्जेचं माप घेत या जोड्या चाळतो. प्रत्येक जोडी तो तपासत नाही, कुठल्या दिशेने सुधारणा होतेय ते पाहून पुढे सरकतो. त्या वेळी रिलेंचा जो आवाज होतो तो रात्रीच्या शांततेत गच्चीवर स्पष्ट ऐकू येतो, वाळूवरून कुणी भराभर चालत गेलं इतका बारीक आणि सलग. दोन-तीन सेकंदांत तो थांबतो. सापडलेली जोडी डबा लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या फ्रिक्वेन्सीवर आलात की एका टिचकीत तिथे जातो. चाचपणी चालू असताना शक्ती कमी ठेवावी, दहा-एक वॉट पुरे. पूर्ण शक्तीवर रिले पडत-उठत राहिले तर त्यांच्या टोकांवर ठिणग्या पडतात आणि डब्याचं आयुष्य कमी होतं.

वीज १२ व्होल्टची लागते. माझ्या डब्याला ती वेगळ्या वायरने जात नाही, त्याच केबलमधून जाते. खाली एक छोटं जोडणीचं उपकरण, बायस टी, रेडिओ तरंग आणि डीसी वीज एका केबलवर चढवतं, वर दुसरं ती वेगळी करतं. डक्टमधून एकच केबल गेली, हा न दिसण्यातला मोठा फायदा.

आता तार. साडेबारा मीटर ही लांबी मी निवडली ती गच्ची मोजून आणि मग कागदावर बसून. एका टोकाने जोडलेल्या तारेला अर्ध्या तरंगाच्या पटींपासून लांब ठेवावं लागतं, नाहीतर भार एवढा चढतो की ट्यूनर हात टेकतो आणि त्याच्या आत व्होल्टेज बेफाम वाढतं. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की तारेचा अर्धा तरंग मीटरमध्ये मिळतो: ७.१ ला २० मीटर, १४.१ ला १० मीटर, २८.५ ला ५ मीटर. साडेबारा यांच्या कुठल्याच पटीवर बसत नाही. आयकॉमचा एएच-४ हा नावाजलेला रिमोट ट्यूनर ७ मीटर तारेवरही ३.५ मेगाहर्ट्झपासून पुढे जुळणी करून देतो. पण जुळणी झाली म्हणजे अँटेना चांगली झाली असं नाही. तोकडी तार ८० मीटर बँडवर, म्हणजे त्या ३.५ मेगाहर्ट्झवर, जेमतेम कुजबुजते, ट्यूनर कितीही हुशार असो. माझ्या मते दुकानदार हीच गोष्ट सांगत नाहीत आणि नवख्यांचा हिरमोड इथेच होतो.

तार २२ गेजची, मोटर रिवाइंडिंगची. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान मिळतं. ही तार मात्र कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे तोलून मिळते. जाडी ०.७ मिलिमीटर, रंग विटेचा, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दहा पावलांवरून नाहीशी होते. ती मऊ असते, म्हणून टोकाला नायलॉनची दोरी आणि थोडी ढील ठेवलेली बरी. आणि ती हाताच्या उंचीच्या वर, टाकीच्या लोखंडी सांगाड्यापासून दूर ताणायची. गच्चीवर ताणलेली तार दिसली की तिच्यावर ओढणी वाळत घालावीशी कुणालाही वाटेल. ५० वॉटवरही तारेच्या टोकाशी कैक शे व्होल्ट असू शकतात आणि रेडिओ तरंगांचा चटका कातडीच्या आत खोलवर जातो. तारेवरचं लाखेचं आवरण त्यापासून वाचवत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मुलं पतंग घेऊन वर असतात, तेव्हा तार गुंडाळून ठेवणं हेच बरोबर.

एका तारेने भागत नाही. तिला दुसरं अर्धांग लागतं, जमिनीच्या जागी. डब्याच्या अर्थच्या टोकापासून कठड्याच्या आतल्या कडेने मी रेडियल, म्हणजे जमिनीचं काम करणाऱ्या तारा, सोडल्या आहेत, वेगवेगळ्या लांबीच्या, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता, कडेच्या गोलाईत चिकटवलेल्या. या नसतील तर केबलचं बाहेरचं आवरणच अर्धांग होऊन बसतं, मग खाली घरात मायक्रोफोनला हात लावला की झिणझिण्या येतात आणि शेजाऱ्यांचा टीव्ही गुरगुरतो. म्हणून डब्याशी आणि घरात शिरतानाही केबल फेराइटच्या, म्हणजे आवरणावरून वाहणारे नको असलेले तरंग अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या, कड्यातून अनेक वेढे देऊन घेतली आहे. सोसायटीच्या वीजरोधकाच्या पट्टीला मात्र कधीही हात लावायचा नाही. तिचं काम वेगळं आहे. वळवाचे ढग आले की मी केबल खिडकीपाशी सोडवून ठेवतो, मग बँड कितीही रंगात आलेला असो.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. डब्याला वरून कितीही सील केलं तरी रात्रीच्या गारव्यात आत दमट हवा ओढली जाते, म्हणून तळाला एक बारीक भोक हवंच. त्याला जाळी लावली नाही तर मुंग्या रिलेंच्या मधे घर करतात. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. कोकणात, मुंबईत खारी हवा तांबं हिरवं करते, तिथे जोडणीवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप दरवर्षी नवी लावावी.

एवढी खटपट न दिसण्यासाठी केली, पण यातली एकही गोष्ट मी चोरून केलेली नाही, आणि माझा जीव खरा अडकलाय तो इथेच. हौशी रेडिओ ही मुळात उघड्यावरची गोष्ट आहे. आपल्याकडे हौशी सेवेचे नियम आहेत, परवाना दिल्लीहून डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस परवाने देणाऱ्या कार्यालयाकडून, येतो, त्यावर स्टेशनचा पत्ता लिहिलेला असतो. हवेत गेलं की आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं ओळखचिन्ह, सांगायचं, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, बोलणं जगातला कुणीही ऐकू शकतो. असा माणूस गच्चीवर लपतछपत तार ओढतो, हे मला पटत नाही. नजरेला त्रास होऊ नये म्हणून तार बारीक घ्यावी. माहिती मात्र पूर्ण द्यावी.

लपून तार ओढणं काय असतं हे मुंबईने पाहिलेलं आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर जमा करायला सांगितले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’च्या धामधुमीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून, अशी त्याची घोषणा असे. ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर हे जुने रेडिओवाले होते. पोलिसांच्या शोधगाड्यांना माग लागू नये म्हणून जागा सतत बदलावी लागे. प्रत्येक नव्या जागी पुन्हा तार, पुन्हा जुळणी, तीही हाताने, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पारेखवाडीत धाड पडली. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. शिक्षा झाली, येरवड्याला राहिल्या, १९४६ साली सुटल्या. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या आपल्या ४० मीटर बँडच्या आतलीच ही जागा. मी सकाळी तिथून डायल फिरवत जातो तेव्हा कुणी नागपूरचा, कुणी बेळगावचा हॅम हवापाण्याच्या गप्पा मारत असतो, स्वतःचं नाव-गाव सांगून. ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलल्याबद्दल तुरुंग होता तिथे आपण पत्त्यासकट बोलतो, याची मला फार किंमत वाटते. म्हणून ते लपवावंसं वाटत नाही.

तर मी तार लावण्याआधी सेक्रेटरींकडे गेलो, परवान्याची प्रत दिली, डबा नेमका कुठे बसेल ते गच्चीवर नेऊन दाखवलं. कमिटीतल्या एकांनी रेडिएशनचं विचारलं. मी शक्तीचा आकडा सांगितला, तार माणसांपासून किती दूर आहे ते दाखवलं, बोलत असतानाच तरंग निघतात आणि मी बहुतेक वेळ ऐकतच असतो हेही सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना टीव्हीची काळजी होती. ‘माझी मालिका लागते तेव्हा बोलू नकोस म्हणजे झालं,’ असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या घरी त्यांचा टीव्ही लावून ठेवला, मुलाला त्यांच्याजवळ बसवलं आणि खालून प्रत्येक बँडवर बोलून पाहिलं. एका बँडवर सेट टॉप बॉक्स अडखळत होता. त्याच्या वायरीला फेराइटची क्लिप लावली, थांबला. हे सगळं करायला एक संध्याकाळ गेली, पण त्यानंतर इमारतीत कुणाचाही पंखा घुरघुरला तरी माझ्या नावाने बोट दाखवलं जात नाही. येऊन विचारतात.

आणि शेजाऱ्यांना हे का असावं याचं उत्तरही देता आलं पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये हॅमची एक मोहीम अंदमानात होती, भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हॅमशी बोलत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच सामानावरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचू लागली. आमच्या सोसायटीत मी हे सांगितलं ते मोठेपणासाठी नव्हे. ५० वॉटचा रेडिओ, एक बॅटरी, एक डबा आणि साडेबारा मीटर तार एवढ्यावर टॉवर बंद असतानाही पुण्याहून नागपूरला निरोप जातो, हे आपल्या इमारतीत कुणाकडे तरी असणं चांगलं.

यंदा आमच्याकडे गच्चीवर सोलर पॅनेल येतायत. मला त्याचा आनंद आहे आणि धास्तीही, कारण इन्व्हर्टर चांगल्या प्रतीचा नसेल तर तो दिवसभर सगळ्या शॉर्टवेव्हवर करवतीसारखा आवाज सोडतो आणि पॅनेलच्या लांब वायरी त्याच्या अँटेना होतात. माझी तार लपवलेली असती तर मला गप्प बसावं लागलं असतं. या वेळी कमिटीनेच सभेला बोलावून विचारलं. मी सांगितलं: पॅनेलच्या प्लस आणि मायनसच्या वायरी एकमेकींना चिकटून न्या, मोठा वेढा होऊ देऊ नका, इन्व्हर्टर लिफ्टच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लावा, आणि खरेदीआधी त्याच बनावटीचा एखादा चालू असलेला इन्व्हर्टर मला छोट्या रेडिओने ऐकू द्या. कंत्राटदाराला यातलं काही जड नव्हतं. हडपसरला त्याने नुकतंच एक काम केलंय, शनिवारी सकाळी मी आणि सेक्रेटरी तिथे जाऊन ऐकून येणार आहोत.